कार्यालयातील जुन्या संगणकांची निगा: कोणते काम आधी, कोणते नंतर

इंदुरात राजवाड्याच्या आसपास, रामबागेत, मल्हारगंजात किंवा सुदामानगरात मराठी मंडळींची जी लहान कार्यालये आहेत, मग ती पतसंस्थेची असोत, ग्रंथालयाची असोत, शाळेची असोत किंवा करसल्लागाराची, त्यांतील बरेच संगणक दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेले असतात. इंटेलच्या दुसऱ्या ते चौथ्या पिढीचा आय३ किंवा पेंटियम प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क, असा त्यांचा सर्वसाधारण थाट असतो. सकाळी बटण दाबल्यानंतर हिशेबाचे टॅली हे सॉफ्टवेअर उघडेपर्यंत चहा संपतो, ही तक्रार अशा कार्यालयांत नेहमी ऐकू येते, आणि दुरुस्तीला आलेला मनुष्य पुष्कळदा नवा संगणक घेण्याचा सल्ला देऊन जातो. माझे मत असे आहे की पत्रव्यवहार, हिशेब, विवरणपत्रे भरणे आणि छपाई एवढ्या कामांसाठी हे संगणक अजूनही पुरेसे आहेत. त्यांच्या मंदपणाला एक-दोनच कारणे असतात आणि ती दूर करता येतात. मात्र कारण कोणते हे अंदाजाने न ठरवता मोजून ठरवावे लागते आणि कामे योग्य क्रमाने करावी लागतात, कारण क्रम चुकला तर वेग वाढण्याऐवजी वर्षानुवर्षांची माहिती हातची जाते.

पहिले काम: माहितीची प्रत

स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी संगणकातील सर्व कामाच्या माहितीची प्रत काढावी. माहितीच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक कार्यालयाच्या बाहेर असावी, हा जगभर मान्य झालेला नियम लहान कार्यालयालाही तितकाच लागू पडतो. मूळ संगणक, एक बाहेरची हार्ड डिस्क आणि क्लाउडवरील किंवा सचिवांच्या घरी ठेवलेली दुसरी डिस्क एवढ्याने हा नियम पाळला जातो. बाहेरची डिस्क प्रत काढून झाल्यावर संगणकापासून वेगळी करून कपाटात ठेवावी. ती कायम जोडलेली राहिली, तर फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस मूळ माहितीबरोबर प्रतीलाही निकामी करतो.

प्रत काढताना ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर सर्वांना आठवते, परंतु डेस्कटॉपवर पसरलेल्या फाइली, टॅलीचे डेटा फोल्डर, आउटलुकची ई-मेलची फाइल आणि ब्राउझरमधील बुकमार्क हमखास राहून जातात. सॉफ्टवेअरांचे परवाना क्रमांक, डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनचे ड्रायव्हर (ते साधन संगणकाशी जुळवून देणारे सॉफ्टवेअर) आणि जुन्या प्रिंटरांचे ड्रायव्हरही याच वेळी जमा करून ठेवावेत. टॅलीचा परवाना त्या-त्या संगणकाशी बांधलेला असतो, म्हणून विंडोज नव्याने टाकायचे असेल तर परवाना आधी ‘सरेंडर’ करावा आणि नंतर पुन्हा सक्रिय करावा. प्रत पूर्ण झाल्यावर ती दुसऱ्या संगणकाला जोडून त्यातील चार-पाच फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात, कारण न तपासलेल्या प्रतीवर विसंबणे म्हणजे प्रत नसण्यासारखेच आहे.

मराठी कार्यालयांनी येथे फॉन्टांकडे विशेष लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी सर्वमान्य पद्धत, रूढ होण्यापूर्वी आपल्याकडे मराठीचे काम बहुधा श्रीलिपीत आणि शासकीय कार्यालयांशी होणारा हिंदी पत्रव्यवहार कृतिदेवमध्ये होत असे, आणि कित्येक ठिकाणी तो अजूनही तसाच चालू आहे. या जुन्या फॉन्टांत लिहिलेल्या फाइलीत देवनागरी अक्षरे साठवलेली नसतात. तेथे रोमन अक्षरांचे व चिन्हांचे सांकेतिक क्रमांक असतात आणि त्यांना देवनागरीचे रूप फक्त तो फॉन्ट देतो. विंडोज नव्याने टाकताना फॉन्ट गेला की सभेची इतिवृत्ते, घटना-दुरुस्तीचे मसुदे, सभासदांच्या याद्या हे सारे निरर्थक चिन्हांच्या ओळी होऊन समोर येते. म्हणून सी ड्राइव्हमधील विंडोज फोल्डरातील ‘फॉन्ट्स’ हे संपूर्ण फोल्डर वेगळे उतरवून घ्यावे, आणि जुन्या टंकलेखन सॉफ्टवेअरला यूएसबी किंवा समांतर पोर्टात लावायचे कुलूप असेल तर तेही सांभाळून ठेवावे. महत्त्वाचे जुने दस्तऐवज सवडीने युनिकोडमध्ये आणणे हाच यावरचा कायमचा उपाय आहे. मात्र रूपांतर झाल्यावर ‘ळ’, ‘ऱ्य’ आणि रफार असलेले शब्द एकेक करून तपासावेत, कारण हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेली रूपांतराची साधने नेमकी याच जागी घोटाळा करू शकतात. ज्या दस्तऐवजांत फेरफार होणार नाही त्यांची फॉन्टसह पीडीएफ करून ठेवली तरी पुरते.

मंदपणाचे कारण कसे शोधावे

बटण दाबल्यापासून रोजचे पहिले काम प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत किती वेळ लागतो, तो घड्याळ लावून नोंदवावा. त्यानंतर कामाच्या ऐन वेळी, म्हणजे टॅली, ब्राउझर आणि एखादे एक्सेल पत्रक उघडे असताना, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि त्यातील सीपीयू, मेमरी व डिस्क हे तीन रकाने पाच मिनिटे शांतपणे पाहावेत.

डिस्कचा आकडा सतत शंभर टक्क्यांच्या जवळ असूनही प्रत्यक्ष वाचन-लेखन सेकंदाला एक-दोन एमबीच होत असेल, तर अडथळा फिरत्या हार्ड डिस्कचा आहे. मेमरी ८५ टक्क्यांच्या वर टिकून राहत असेल तर रॅम अपुरी आहे. हे दोन्ही एकाच वेळी दिसत असेल तर ती बहुधा एकच व्याधी असते, कारण रॅम भरली की विंडोज तिच्यातील माहिती डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते, त्यामुळे डिस्कवरही ताण येतो. सीपीयू बराच वेळ शंभर टक्क्यांवर असेल तर कोणता प्रोग्रॅम तो व्यापतो आहे हे त्याच यादीत दिसते. विंडोजचे अपडेट किंवा अँटिव्हायरसची तपासणी चालू असेल तर ती संपू द्यावी. काहीच विशेष चालू नसताना संगणक अडखळत असेल आणि पंखा मात्र जोराने वाजत असेल, तर उष्णतेची शंका घ्यावी. प्रोसेसर शंभर अंश सेल्सिअसच्या जवळ पोहोचू लागला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो, आणि हे कोणत्याही सॉफ्टवेअरने सुधारत नाही.

याच वेळी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन चालवून हार्ड डिस्कची प्रकृती पाहावी. त्यात ‘रीअलोकेटेड’, ‘पेंडिंग’ आणि ‘अनकरेक्टेबल’ सेक्टर (डिस्कवरील खराब झालेले किंवा संशयास्पद कप्पे) यांच्यापुढे शून्याहून मोठा आकडा असेल आणि ‘कॉशन’ असा पिवळा शेरा आला असेल, तर वेगाचा विचार बाजूला ठेवून ती डिस्क त्याच आठवड्यात बदलावी. संगणक कधी खर्र-खट् असा आवाज करीत असेल तर तपासण्यात वेळ न घालवता प्रथम माहिती बाहेर काढावी.

धूळ, उष्णता आणि वीज

माळव्यात मार्चपासून पाऊस येईपर्यंत कोरडा वारा वाहतो, पारा चाळिशीच्या वर जातो आणि काळ्या मातीची बारीक धूळ बंद खिडक्यांच्या फटींतूनही आत येते. ही धूळ हीट-सिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पट्ट्यांमध्ये नमद्यासारखी बसते आणि पंखा कितीही फिरला तरी हवा आरपार जात नाही. सराफ्याच्या बाजूला, जिथे रात्री खाण्याच्या गाड्या लागतात, तिथल्या माड्यांवरील कार्यालयांत तर तळणाच्या वाफेमुळे धूळ चिकट होते आणि नुसत्या फुंकण्याने निघत नाही.

सफाईसाठी संगणक बंद करून वायर भिंतीतून काढावी आणि मग सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेला विद्युतभार निघून जातो. जोडण्यांचे मोबाइलवर छायाचित्र घेऊन ठेवावे. कॅबिनेट गच्चीवर किंवा सज्जात न्यावे, आतील उघड्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरवावी आणि मग ब्लोअरने थोड्या-थोड्या झोतांत धूळ काढावी. झोत मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, कारण हवेच्या जोराने ती वेडीवाकडी फिरली तर पंख्याचे बेअरिंग बिघडते. चिकट धूळ रंगाच्या मऊ ब्रशने आणि किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढावी. ओले फडके आत कधीही लावू नये, आणि घरगुती व्हॅक्यूम क्लीनरचे नळकांडे मदरबोर्डाजवळ, म्हणजे सर्व भाग जोडलेल्या मुख्य पाटीजवळ, नेऊ नये, कारण त्याच्या घर्षणाने स्थिर वीज तयार होते. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात अल्कोहोल लावलेल्या स्वच्छ सुती कापडाने पुसावेत. खोडरबराने घासण्याची पद्धत सर्वत्र चालते, पण ती हलक्या हाताने आणि क्वचितच वापरावी.

प्रोसेसरवरील हीट-सिंक काढायचा असेल तर थर्मल पेस्टची (प्रोसेसरची उष्णता हीट-सिंककडे नेणाऱ्या लेपाची) नळी आधी आणून ठेवावी, कारण एकदा उचललेला हीट-सिंक जुन्याच वाळलेल्या पेस्टवर पुन्हा बसवला तर तापमान आधीपेक्षा वाढते. जुनी पेस्ट पूर्ण पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवावी आणि इंटेलच्या पंख्याच्या चार खुंट्या समोरासमोरच्या जोडीने दाबाव्यात. मदरबोर्डावर फुगलेले कॅपॅसिटर (विद्युतभार साठवणारे लहान डबीसारखे भाग) दिसले तर त्या संगणकावर आणखी खर्च करू नये. वीजपुरवठा करणारा एसएमपीएसचा डबा घरी उघडू नये. त्यात वीज काढल्यानंतरही धोकादायक भार शिल्लक असू शकतो, आणि तो बिघडला तर सरळ बदलणेच योग्य.

संगणक जमिनीवर ठेवला की केर काढताना उडणारी धूळ आणि फरशी पुसतानाचे पाणी दोन्ही त्याच्या वाट्याला येतात, म्हणून त्याला वीतभर उंच स्टँडवर ठेवावे आणि मागे मोकळी जागा सोडावी. टेबलाच्या बंद खणात कोंडलेला संगणक उन्हाळ्यात हमखास तापतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असे समजून प्रथम वीजतंत्रज्ञाला बोलवावे. न्यूट्रल आणि अर्थ यांमधील दाब दोन-तीन व्होल्टांच्या आत असायला हवा, तो मीटरने मोजून घ्यावा. लहान यूपीएसमधील १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवर बॅटरी साधारण दोन ते तीन वर्षे टिकते. दर तीन महिन्यांनी काम जतन करून मुख्य बटण बंद करावे आणि संगणक नीट बंद करण्याइतका वेळ ती देते का ते पाहावे. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नये, कारण छपाईचा रोलर तापवताना तो एकदम मोठा प्रवाह ओढतो. संगणकातील घड्याळ सारखे मागे जात असेल तर मदरबोर्डावरील सीआर२०३२ हा नाण्याच्या आकाराचा सेल बदलावा. हा अगदी स्वस्त सेल संपल्यामुळे बँकेची आणि जीएसटीची संकेतस्थळे ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाहीत, व्हाउचरांवर भलतीच तारीख पडते आणि लोक दोष इंटरनेटला देतात.

खर्च करायचा तर आधी एसएसडीवर

वर सांगितलेल्या मोजणीत डिस्क दोषी ठरली, आणि जुन्या संगणकांत ती बहुतेक वेळा ठरतेच, तर पहिला खर्च एसएसडीवर, म्हणजे तबकडीऐवजी चिपांवर माहिती साठवणाऱ्या डिस्कवर, करावा. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, शिवाय डोके योग्य मार्गावर सरकायला आणखी आठ-दहा मिलिसेकंद लागतात. त्यामुळे विखुरलेल्या लहान फाइली वाचताना अशी डिस्क सेकंदाला शंभरएक वाचनांपलीकडे जात नाही, आणि विंडोज सुरू होताना तर अशाच हजारो लहान फाइली वाचल्या जातात. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्याने ती सेकंदाला अशी हजारो वाचने सहज करते. जुन्या एच६१ चिपसेटच्या मदरबोर्डावर साटाचा, म्हणजे डिस्क जोडण्याच्या जोडणीचा, वेग सेकंदाला ३ गिगाबिटच असतो आणि त्यामुळे एसएसडीचा पूर्ण वेग मिळत नाही, हे खरे आहे. तरीही फरक पडतो तो या वाचनसंख्येमुळे, म्हणून जुन्या बोर्डावरही तो स्पष्ट जाणवतो.

अशा संगणकांसाठी अडीच इंची साटा प्रकारची २४० किंवा २५६ जीबीची एसएसडी घ्यावी. एनव्हीएमई प्रकारची लहान पट्टी अधिक वेगवान असली, तरी या पिढीच्या बहुतेक बोर्डांवर तिच्यासाठी जागाही नसते आणि तिच्यावरून विंडोज सुरूही होत नाही. रवींद्रनाथ टागोर मार्गावरील सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडच्या बाजारात खरेदी करताना जीएसटीचे पक्के बिल घ्यावे, त्यावर अनुक्रमांक लिहून घ्यावा, आणि कार्यालयात आल्यावर लगेच क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ‘पॉवर ऑन अवर्स’ पाहावेत. नव्या म्हणून घेतलेल्या एसएसडीचे वापराचे तास शेकड्यांत दिसले तर ती त्याच दिवशी परत करावी.

जुन्या डिस्कवरील सर्व काही एसएसडीवर जसेच्या तसे आणायचे की विंडोज नव्याने टाकायचे, हा प्रश्न येतो. जुने विंडोज व्यवस्थित चालत असेल, टॅली, डिजिटल स्वाक्षरी आणि जुने प्रिंटर त्यावर नीट बसलेले असतील, तर क्लोनझिला या मोफत साधनाने हुबेहूब प्रत करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. नवी डिस्क आकाराने लहान असेल तर जुनीवरील विभाग आधी आकसून घ्यावे लागतात. व्हायरसचा संशय असेल किंवा कोणी तरी परवाना नसलेले विंडोज टाकून दिले असेल, तर मात्र सगळे नव्यानेच टाकावे. परवाना मोडणाऱ्या साधनांबरोबर आणि बाजारात मिळणाऱ्या ‘हलक्या’ विंडोजबरोबर काय येते हे तपासण्याचा कोणताही मार्ग सामान्य कार्यालयाकडे नसतो, आणि सभासदांच्या ठेवींची माहिती अशा संगणकावर ठेवणे मला अजिबात मान्य नाही. काढलेली जुनी हार्ड डिस्क महिनाभर हात न लावता चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवावी, कारण राहून गेलेली एखादी फाइल याच काळात आठवते.

रॅम वाढवण्यापूर्वी विंडोज ३२-बिट आहे की ६४-बिट हे ‘सिस्टिम’च्या माहितीत पाहावे. ३२-बिट विंडोज ४ जीबीच्या वरची रॅम वापरतच नाही, त्यामुळे तिथे आणखी रॅम बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. पत्रव्यवहार, टॅली आणि ब्राउझर यांसाठी ८ जीबी पुरते. डीडीआर३ आणि डीडीआर४ यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात आणि एकाची पट्टी दुसऱ्याच्या जागी बसत नाही, म्हणून जुनी पट्टी सोबत नेऊनच नवी घ्यावी. डीडीआर३ आता बहुधा वापरलेलीच मिळते. ती बसवल्यावर विंडोजमधील मेमरी डायग्नॉस्टिक चालवून मगच तिच्यावर हिशेबाचे काम सुरू करावे, कारण सदोष रॅम संगणक बंद पाडण्याआधी फाइली गुपचूप बिघडवते.

सॉफ्टवेअरची आवराआवर

टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ या भागात संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी असते. त्यातील अँटिव्हायरस, टंकलेखनाचे साधन आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन सोडून बाकीचे बंद करायला हरकत नसते. दोन अँटिव्हायरस एकत्र कधीही ठेवू नयेत. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर लहान कार्यालयाला पुरेसा आहे, आणि मुदत संपलेला सशुल्क अँटिव्हायरस काढून टाकला की तो आपोआप कामाला लागतो. ड्रायव्हर अद्ययावत करून देणारी, रजिस्ट्री स्वच्छ करणारी आणि एका क्लिकवर वेग वाढवणारी सॉफ्टवेअरे काढून टाकावीत, त्यांचा उपयोग होत नाही आणि उपद्रव मात्र होतो.

सी ड्राइव्हचा सुमारे पाचवा भाग मोकळा असावा, त्यासाठी डिस्क क्लीनअप चालवावे. हार्ड डिस्क असेल तर डिफ्रॅग, म्हणजे विखुरलेले फाइलींचे तुकडे एकत्र आणणे, उपयोगी पडते, एसएसडीला त्याची गरज नसते, आणि कोणत्या डिस्कला काय करायचे ते विंडोजचे ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ स्वतः ओळखते. ब्राउझरमधील अनोळखी एक्स्टेन्शन काढावीत आणि सूचना पाठवण्याची जी परवानगी अनेक संकेतस्थळांना नकळत दिलेली असते, ती रद्द करावी, कारण पडद्याच्या कोपऱ्यात येणारे ‘व्हायरस सापडला’ असे खोटे इशारे बहुधा तिथूनच येतात. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. विंडोज १० मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्याने संगणक पूर्ण बंद होत नाही, गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत येते. म्हणून आठवड्यातून एकदा ‘रीस्टार्ट’ हाच पर्याय निवडावा, त्याने अनेक किरकोळ अडथळे जागच्या जागी सुटतात.

अनेक संगणकांच्या जाळ्यावर (नेटवर्कवर) चालणारी टॅली मंद असेल तर संगणकाला दोष देण्याआधी तार पाहावी. संगणकांच्या तारा एकत्र जोडणाऱ्या जुन्या स्विचचा वेग सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे जेमतेम १२ एमबी असतो. गिगाबिट स्विचला तारेच्या चारही जोड्या शाबूत लागतात, आणि टेबलाच्या पायाखाली चिरडलेल्या तारेत एक जोडी तुटली तरी वेग पुन्हा शंभरावर येतो. सामाईक डेटा वाय-फायवरून उघडू नये, जोडणी मध्येच तुटली तर तो बिघडण्याचा धोका असतो.

विंडोज १० चे काय करावे

विंडोज १० चा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (संगणकातील सुरक्षेची चिप) आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे आपण बोलत आहोत ते संगणक त्यात बसत नाहीत. अट चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या सर्वत्र सांगितल्या जातात, परंतु अशा संगणकांना पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणून हिशेबाच्या संगणकावर हा मार्ग धरू नये. संस्थांसाठी मायक्रोसॉफ्टची सशुल्क विस्तारित सुरक्षा योजना आहे. तिचा दर पहिल्या वर्षी प्रतिसंगणक ६१ डॉलर असून तो दरवर्षी दुप्पट होतो आणि ती जास्तीत जास्त तीन वर्षे मिळते, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नवा संगणक घेणे अधिक परवडते.

सर्व संगणकांना एकच उपाय लावण्यापेक्षा कामाप्रमाणे विभागणी करावी, असे मला वाटते. बँक, जीएसटी आणि डिजिटल स्वाक्षरीचे काम ज्यावर होते असा एक संगणक नवा किंवा विंडोज ११ चालेल असा घ्यावा. ज्यांवर फक्त टंकलेखन, ई-मेल आणि वाचन होते त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत कार्यप्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकावी. २०२४ साली आलेल्या मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, तीत मराठी इनस्क्रिप्ट कळफलक आणि वर्ड-एक्सेलसारखे काम करणारे लिबरऑफिस मोफत मिळते. टॅली मात्र लिनक्सवर थेट चालत नाही, हे आधीच लक्षात घ्यावे. पासबुकांची छपाई करणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर समांतर पोर्टाला जोडलेला असेल तर तो संगणक इंटरनेटपासून पूर्ण तोडून केवळ त्याच कामासाठी ठेवावा. असे पोर्ट नव्या संगणकांवर सहसा मिळत नाही.

वेळापत्रक आणि नोंदवही

प्रत्येक संगणकासाठी वहीचे एक पान ठेवावे आणि त्यावर खरेदीची तारीख, प्रोसेसर, रॅम, डिस्कचा अनुक्रमांक, बसवलेले सुटे भाग आणि सुरू होण्यास लागणारा वेळ लिहावा. एका वेळी एकच बदल करावा, तो लिहावा आणि पुन्हा वेळ मोजावा, म्हणजे कोणत्या बदलाने काय झाले ते नक्की कळते. शुक्रवारी प्रत काढणे आणि रीस्टार्ट करणे, महिन्यातून एकदा अपडेट व डिस्कची प्रकृती पाहणे एवढे काम कार्यालयातील कोणीही करू शकतो. आतील सफाई वर्षातून दोनदा करावी, एकदा जूनमध्ये उन्हाळ्याची धूळ संपताना आणि एकदा दिवाळीच्या साफसफाईबरोबर. मार्च महिन्यात आणि जीएसटी विवरणाच्या २० तारखेच्या आधीच्या आठवड्यात कोणत्याही चालत्या संगणकाला हात लावू नये.

ज्या संगणकाचा मदरबोर्ड गेला आहे त्याची रॅम, एसएसडी आणि चांगला एसएमपीएस काढून इतरांसाठी ठेवावा. उरलेला सांगाडा भंगारवाल्याला देऊ नये. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत, आणि इंदुरात महापालिका ई-कचरा वेगळा गोळा करते, त्यामुळे तो तिथे किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्यावा व पावती घ्यावी. देण्यापूर्वी त्यातील हार्ड डिस्क काढून घ्यावी आणि तिच्यावर संपूर्ण एकदा शून्ये लिहून घ्यावीत. फाइली नुसत्या डिलीट केल्याने किंवा झटपट फॉरमॅट केल्याने सभासदांची माहिती पुसली जात नाही. डिस्क चालूच होत नसेल तर तिच्या तबकड्यांना ड्रिलने आरपार भोके पाडून मगच ती द्यावी.